भीमथडीचे तट्टू दारात आणण्याआधी

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की उरुळी कांचन मागे पडते आणि यवत यायच्या आधी कासुर्डी लागते. दौंड तालुक्यातले हे गाव पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. कालव्याचे पाणी जिथे पोचले तिथे ऊस आणि गुऱ्हाळे, जिथे नाही पोचले तिथे मुरमाड माळ आणि बाजरी-मटकी, असा हा सगळा टापू. आषाढात तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतच्या मुक्कामाला याच रस्त्याने जाते. पालखीच्या अश्वांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला आयाबाया कडेला उभ्या राहतात. दिवाळी सरली की त्याच रस्त्याच्या कडेने मेंढपाळांचे वाडे निघतात. पुढे मेंढरे, मागे कुत्री, आणि मध्ये दोन-तीन बुटक्या घोड्या. त्यांच्या पाठीवर सगळा संसार असतो.

हा संसार चढवताना एकदा जवळून पाहावा. आधी पाठीवर जुनी वाकळ टाकतात, तिच्यावर गोणपाट, मग दोन्ही बाजूंना तोल साधून भांडी, पिठाची पोती, मेंढरे कोंडायची वाघर. वर कोंबड्यांचे डालगे. काल-परवा जन्मलेली कोकरे पोत्यात घालून त्यांची फक्त तोंडे बाहेर ठेवतात. हे सगळे बहुधा बायकाच करतात, पुरुष मेंढरांमागे गेलेले असतात. घोडी इतका वेळ कुणी न धरता उभी असते. अशा एका वाड्यावरच्या म्हाताऱ्या आजींना मी विचारले होते, घोडी विकणार का. त्या म्हणाल्या, ‘‘घोडी इकली तर बिऱ्हाड काय डोक्यावं घ्यावं का, दादा? येखादं शिंगरू असंल तर बगू. घोडी न्हाई.’’

स्वस्तात घोडा घेऊन त्याला चांगले घर द्यावे अशी इच्छा पुष्कळांना असते. शेतावर राहायला आलेली शहरी कुटुंबे, मुलांना घोडा हवा असलेले बागायतदार, कत्तलीपासून किंवा रस्त्यावरच्या हालांपासून एखादे जनावर सोडवावे असे वाटणारी माणसे. या भागात राहणाऱ्याला त्यासाठी राजस्थानकडे पाहायची गरज नाही. त्याच्या दारावरून जाणारे हे तट्टूच या मातीचे आहे. भीमा नदी शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून वाहते, रांजणगाव सांडसजवळ तिला मुळा-मुठा मिळते, आणि या नदीच्या थडीवर, म्हणजे काठावर वाढलेले म्हणून ते भीमथडी. ब्रिटिश अमदानीत पुणे जिल्ह्यात या नावाचा तालुकाच होता. आजच्या दौंड-बारामतीचा मोठा भाग त्यात येई.

२०२३ हे साल या तट्टासाठी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी शिवजयंतीपासून ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांचे गीत महाराष्ट्राचे राज्यगीत झाले, आणि त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. शाळाशाळांतून मुले तो उल्लेख गातात; त्यातल्या किती मुलांनी ते तट्टू पाहिले असेल, हा प्रश्न मला सतत पडतो. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची घोड्यांचा स्वतंत्र वाण म्हणून नोंद केली. तोवर मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, झंस्कारी, स्पिती आणि भुतिया एवढेच वाण नोंदलेले होते. भीमथडी आठवा. ज्या घोड्यांवर मराठ्यांचे घोडदळ उभे राहिले त्यांना कागदावर ओळख मिळायला एवढा काळ लागला.

दख्खनच्या बंदरांतून अरबी घोडे येत, त्यांचे रक्त इथल्या काटक तट्टांत मिसळत गेले, असे या वाणाबद्दल सांगितले जाते. निघालेले जनावर दिसायला भव्य नाही. मारवाडी घोड्याशेजारी उभे केले तर ते बुटके दिसते. पण छाती रुंद, पाय बळकट, खूर टणक, आणि रुक्ष माळावरचे गवत खाऊन दिवसभर चालायची ताकद. मोगली छावण्यांतले अंगापिंडाने मोठे घोडे दाण्याशिवाय निकामी होत, तेव्हा हे तट्टू वाटेवरच्या गवतावर चालत राही. दौंडच्या खालच्या अंगाला भीमेकाठी पेडगाव आहे, तिथल्या बहादूरगडावरच्या मोगली तळाला हुलकावणी देऊन १६७४ मध्ये मराठ्यांनी खजिन्याबरोबर निवडक घोडेही पळवले. शिरूरच्या बाजूला आलेगाव पागा हे गाव आजही नावात पागा सांभाळून आहे. फौजा गेल्या, पागा मोडल्या. त्यानंतर हा वाण जगला तो मेंढपाळांच्या वाड्यांमुळे, कारण डोंगरवाटांनी कोकणात उतरणाऱ्या आणि पावसाआधी परत चढणाऱ्या कुटुंबाला दुसरे कुठलेच वाहन उपयोगाचे नव्हते.

आता त्यांनाही पिकअप टेम्पो मिळतो. देशभरातच घोडा वेगाने कमी होतो आहे. २०१२ च्या पशुगणनेत भारतात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती साधारण ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. म्हणून एखाद्याने भीमथडीचे तट्टू घेऊन नीट सांभाळले तर त्याला मी नुसती हौस म्हणणार नाही. पण सांभाळणे म्हणजे काय, ते आधी समजून घ्यायला हवे, कारण स्वस्त घोडा ही गोष्ट फक्त खरेदीच्या दिवशी खरी असते.

घोडा स्वस्त का होतो, याची कारणे ठाऊक असली की निम्मे काम झाले. महाराष्ट्रात घोड्यांचे मोठे बाजार भरतात ते दिवाळीच्या सुमारास अकलूजला, दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला आणि मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेत नांदेडच्या माळेगावला. तिथे किंमत ठरते ती उंची, रंग, चाल आणि लक्षणे यांवर. गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र नुकरा वरातीसाठी लागतो म्हणून महाग. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी शुभ म्हणून महाग. उलट, अंगावरचा केसांचा एखादा भोवरा भलत्या जागी असला की ते जनावर खोडीचे ठरते आणि दाम उतरतात. भोवरा हा केसांच्या वाढीचा प्रकार आहे. त्याने घोडा लंगडत नाही, चावत नाही आणि मालकाचे वाटोळेही करत नाही. ज्याला वरात काढायची नाही त्याच्यासाठी खोडीच्या भोवऱ्याचा, साध्या तांबूस रंगाचा, बुटका, निरोगी घोडा ही बाजारातली सर्वांत चांगली खरेदी आहे. लोकांच्या समजुतीमुळे स्वस्त झालेला घोडा खुशाल घ्यावा. शरीरातल्या दोषामुळे स्वस्त झालेला घोडा घ्यायचा तर तो दोष आयुष्यभर आपल्या खर्चात येणार हे समजून घ्यावा.

दुसरे कारण वय आणि निवृत्ती. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलांच्या पुढे घोडी पळवतात. तिच्यामागे बैल जीव तोडून धावतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यती वाढल्या तशी घोड्यांची मागणीही वाढली, आणि पळून पळून पुढच्या पायाच्या शिरा सुजलेल्या घोड्या विकायलाही येऊ लागल्या. पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले शर्यतीचे घोडेही कधी कधी नवलाईच्या कमी किमतीत मिळतात. या दुसऱ्या प्रकाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पहिला घोडा म्हणून तो घेऊ नये. थरोब्रेड जातीच्या या घोड्याचे वजन तट्टाच्या दुप्पट, कातडी पातळ, खूर नाजूक. दाण्यावर वाढलेला आणि बंद तबेल्यात मोतद्दाराच्या हाताखाली दिवस काढलेला. दौंडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तो हाल काढतो. अशा घोड्यांचा एक चांगला उपयोग पुण्याने करून दाखवला. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे धनुर्वात आणि सर्पदंशावरची प्रतिविषे बनवण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सीरम जिथे आहे त्या मांजरीपासून कासुर्डी फार लांब नाही. पण तिथल्या पागेतला घोडा आणि इथल्या माळावरचा घोडा यांच्या गरजांत फार अंतर आहे.

घोडा पाहायला जाल तेव्हा पहिली दहा-पंधरा मिनिटे त्याच्या जवळ जाऊ नका. लांबून पाहा. तो इतर जनावरांत कसा उभा आहे, पुढचा एखादा पाय सतत पुढे टाकून त्यावरचा भार काढतो आहे का, कान कुठे आहेत. मग मालकाला त्याला कठीण जमिनीवर चालवायला सांगा, सरळ लांब आणि सरळ परत, नंतर दुडक्या चालीने. पुढचा पाय दुखत असला तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली करतो. मऊ मातीत ही लंगड लपते, म्हणून बाजारातल्या भुसभुशीत धुळीतल्या चालीवर विश्वास ठेवू नका.

यानंतर खूर. खांद्यापाशी उभे राहून हात पायावरून खाली नेत घोट्याशी हलके दाबले की शिकवलेला घोडा पाय देतो. पाय देत नसेल तर तो पुढे नालबंदालाही देणार नाही, हे तिथेच कळते. तळव्यातली माती खरवडून काढा. मधला त्रिकोणी भाग रबरासारखा लवचिक आणि कोरडा असायला हवा. बोट लावल्यावर काळा, चिकट, कुजका वास येणारा लगदा निघाला तर खूर सडतो आहे. तो बरा होतो, पण किंमत बोलताना त्याचा उल्लेख करा. खुराच्या भिंतीवर टाचेकडे एकमेकांपासून लांब जाणारी कडी उठलेली दिसली आणि टाच उंच, पुढचा भाग बाहेर वळलेला दिसला, तर खुरातला दाह होऊन गेलेला असतो आणि तो पुन्हा उलटतो. तिथे व्यवहार थांबवा. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतील. ते जुन्या जखमांचे वण, वाड्यावरच्या तट्टाला ते असणारच. ओली जखम मात्र नको.

वय दातांवरून कळते. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरते. खालच्या दातांच्या माथ्यावरचे खळगे मधल्या जोडीत सहाव्या, शेजारच्या जोडीत सातव्या आणि कडेच्या जोडीत आठव्या वर्षाच्या आसपास झिजून जातात. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक तपकिरी उभी रेघ दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यापर्यंत आणि विसाव्याला टोकापर्यंत येते. हे अंदाज आहेत, खडकाळ जमिनीवर चरलेल्या घोड्याचे दात लवकर झिजतात. पण ‘‘सात वर्षांची हाय’’ असे सांगून पंधरा वर्षांची घोडी गळ्यात पडणार नाही, एवढे यातून साधते. पंधरा वर्षांची घोडी वाईट असते असे मात्र नाही. चांगल्या देखभालीत घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, आणि शांत, जाणती, उतारवयाची घोडी नवख्या घरासाठी तडफदार शिंगरापेक्षा कितीतरी बरी.

एक गोष्ट डोळ्यांवर सोडू नये. ग्लँडर्स नावाचा जिवाणूजन्य रोग घोड्यांकडून माणसांना होतो. नाकपुडीतून घट्ट चिकट स्राव, नाकात फोड, जबड्याखाली गाठी, पायाच्या आतल्या बाजूने ओळीने फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे, पण काही घोडे वरून धडधाकट दिसतात. त्यावर लस नाही, आणि २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते. म्हणून पैसे देण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत रक्ताचा नमुना तपासून घ्या. हिस्सारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही यातली देशातली मुख्य प्रयोगशाळा आहे. अहवाल येईपर्यंत विकणारा थांबत नसेल तर तो घोडा सोडून द्या. बाजारात घेतला तर बाजार समितीची पावती, आणि गाडीतून आणायचा तर पशुवैद्याचा प्रवासयोग्यतेचा दाखला हे दोन कागद हवेतच.

आता चाऱ्याचा हिशेब. चिपळूणजवळ हलवर्णला छावणी असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी १६७३ च्या सुमारास एक पत्र पाठवले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या ताकिदीसाठी ते सर्वांना माहीत आहे. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या चंदी-वैरणीचे आहे. दाणागवत आहे तोवर उधळून टाकाल तर पावसाळ्यात ते मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यात बजावले आहे. गंजीजवळ आगट्या पेटवू नका, रात्री दिवे विझवा, नाहीतर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवत जळेल, इथपर्यंत बारकावा आहे. घोडा बाळगणाऱ्या मराठी माणसासाठी याहून चांगले मार्गदर्शन मी वाचलेले नाही.

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा लागतो. तट्टाचे वजन २५० किलो धरा: दिवसाला पाच किलो, वर्षाला १८ क्विंटलच्या वर. अजून पंधरा वर्षे जगणार असेल तर सुमारे २७ टन. आपल्या गावच्या कडब्याच्या भावाने याला गुणले की खरेदीची किंमत किती किरकोळ होती ते दिसते. मागच्या दुष्काळात पेंढीचा भाव कुठे गेला होता तेही आठवून पाहा. हिशेब जमत असेल तरच पुढे जावे.

या टापूत चारा खूप दिसतो, पण घोड्याला तो सगळा चालत नाही. उसाच्या हंगामात वाढे फुकट मिळते आणि गाईम्हशी त्यावर जगतात. वाढ्यात आणि हत्तीगवतात ऑक्झलेट असते, ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. म्हशीच्या कोठीपोटातले जंतू ते बरेचसे फोडतात, घोड्याला कोठीपोट नाही. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे पोकळ होतात, तोंड सुजल्यासारखे दिसू लागते, तो लंगडतो. नुसत्या गव्हाच्या कोंड्यानेही हेच होते. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी विषारी असते. बुरशी आलेला मका घोड्याच्या मेंदूवर जातो आणि त्यातून तो वाचत नाही. कोंबड्यांच्या खाद्यात घातली जाणारी मोनेन्सिनसारखी औषधे घोड्याच्या हृदयाला मारक असतात. पोल्ट्रीच्या शेडशेजारी घोडा बांधणाऱ्याने खाद्याच्या गोण्या कुलपात ठेवाव्यात. त्याच्यासाठी सर्वांत चांगले म्हणजे हरळी आणि माळाचे गवत. जोडीला बिनबुरशीच्या कडब्याची कुट्टी, थोडा लसूणघास, काम असेल त्या दिवशी भिजवलेला हरभरा किंवा जव तोबऱ्यातून, आणि चाटायला मीठ. दिवसातून दोनदा टोपलीभर टाकून भागत नाही. त्याचे पोट लहान असते आणि ते थोडे थोडे सतत खाण्यासाठी बनलेले असते.

घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे पोटशूळ हा त्याचा सर्वांत मोठा वैरी. कुशीकडे वळून वळून पाहणे, पायाने जमीन उकरणे, लोळणे, लीद बंद होणे ही लक्षणे दिसली की चारा काढून घ्या, घोड्याला शांतपणे चालवत ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. बैलाला पाजतात तसे नळकांड्याने तेल घशात ओतू नका, ते फुप्फुसात जाऊन घोडा दगावतो. गावचे पशुवैद्य प्रामुख्याने गाईम्हशींचे असतात, म्हणून घोडा येण्याआधीच त्यांना भेटून अनुभव विचारावा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक फोनमध्ये असावा. गुंतागुंतीच्या दुखण्याला शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. धनुर्वाताची लस चुकवू नये, तारेचा साधा ओरखडाही घोड्याला धनुर्वात देऊ शकतो. आणि म्हशींच्या गोठ्याला लागून घोडा बांधू नये. सर्रा या रोगाचे परजीवी म्हशीच्या रक्तात काही लक्षण न दाखवता राहतात आणि पावसाळ्यानंतर वाढणाऱ्या चावऱ्या माश्या ते घोड्यापर्यंत नेतात. खाऊनही घोडा वाळत चालला, ताप येतो-जातो, पोटाखाली सूज आली, तर त्याच दिवशी रक्त तपासा.

घरासाठी लागते ते फार नाही, पण नेमके लागते. कडुनिंबाची किंवा बाभळीची दाट सावली, पत्रा असेल तर उंच आणि वर उसाचे पाचट. उन्हाळ्यात दिवसभर भरलेला हौद. पाऊस लागला तरी कोरडी राहणारी मुरमाची जागा. मोकळे फिरायला तारेऐवजी बांबूचे किंवा पट्टीचे कुंपण, आणि महामार्ग जवळ असेल तर त्या कुंपणाला रात्री कुलूप. खूर सहा ते आठ आठवड्यांनी साळावे लागतात. मुरमावर चालणाऱ्या भीमथडीला नाल बहुधा लागत नाही, पण नालबंद लागतोच, आणि चांगला नालबंद मिळणे आता घोडा मिळण्यापेक्षा अवघड आहे. रोजचा खरारा हा नुसता थाट नाही. हात अंगभर फिरला की गोचीड, गाठ, जखम आपोआप सापडते.

सोबत ही गरज लोक सर्वांत जास्त विसरतात. घोडा कळपातले जनावर आहे. एकटा बांधलेला घोडा खुंट्याभोवती झुलतो, लाकूड चावतो, हवा गिळतो. दोन घोडे परवडत नसतील तर शेळ्यांची सोबत चालते, गाढवाची त्याहून बरी. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो आणि तो कासुर्डीपासून जवळ आहे. गाढव आणले तर त्याला आधी जंताचे औषध द्या, गाढवाच्या फुप्फुसातले जंत त्याला फारसे न जाणवता घोड्यात उतरतात.

घोडा का अडला, तर न फिरवल्याने, हे आपल्याकडे लहानपणीच कोड्यातून शिकवतात. काम नसलेला घोडा बिघडतो हे खरे, पण काम बेताचे हवे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांत तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो ओझे सांगितले आहे. स्वारीसाठी जगभर मानला जाणारा ठोकताळा याहून कडक आहे: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. म्हणजे २५० किलोच्या तट्टावर दहा-बारा वर्षांचे मूल बसावे, त्याच्या वडिलांनी लगाम धरून शेजारून चालावे. वडिलांना स्वतः बसायचे असेल तर त्यांनी मोठा घोडा पाहावा किंवा तट्टाला हलकी गाडी जोडायला शिकवावी.

आता त्या आजींच्या नकाराकडे वळतो. वाड्यावरची चांगली घोडी विकत घेणे म्हणजे वाणाला घर देणे नव्हे. ती घोडी चालत्या कळपात वितेल, तिचे शिंगरू आईमागे घाट चढून उतरून काटक होईल, तेव्हाच भीमथडी भीमथडी राहील. आपल्या फार्महाउसवर एकटी उभी राहिली तर तिच्याबरोबर तिचे रक्तही थांबेल. जास्त पैशांचा मोह मेंढपाळाला पडू शकतो, आपण तो पाडू नये. वाड्याला नको असलेले नर शिंगरू घ्या, योग्य वयात पशुवैद्याकडून खच्ची करून घ्या. तसा घोडा शांत होतो आणि घरात सर्वांच्या उपयोगी पडतो. किंवा घाट चढणे आता झेपत नाही म्हणून विकायला काढलेली म्हातारी घोडी घ्या. आणि ज्याच्याकडून घेतली त्याचा वाडा दरवर्षी शिवारात येईल तेव्हा त्याला मेंढरे बसवायला रान द्या. शेताला लेंडीखत मिळेल, आणि घोड्याबद्दल कुठलीही शंका असली तर विचारायला त्याच्याइतका जाणता माणूस दुसरा नाही.

घेण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहावे: मुले शिकायला बाहेर गेल्यावर आणि घोडा विसाव्या वर्षात लंगडू लागल्यावर त्याला कोण सांभाळणार. उत्तरात माणसाचे नाव नसेल तर घोडा घेऊ नका. वाड्यांना रान द्या, पालखीचे अश्व पाहा, गावच्या नालबंदाच्या मुलाला त्याची विद्या शिकायला मदत करा. तेही याच तट्टाच्या कामी येते. नाव असेल, तर आधी नालबंद ठरवा, पशुवैद्यांना भेटा, वर्षाचा कडबा रचून घ्या, सोबतीचे जनावर पाहा, आणि त्यानंतर दिवाळी झाल्यावर रस्त्याच्या कडेने वाडे जाऊ लागतील तेव्हा त्यांना थांबवून शिंगराची चौकशी करा.